अऱ्हेनियसचं दुसरं गणित

अऱ्हेनियस म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फर्स्ट इयरची केमिस्ट्री आणि तापमान वाढलं की रिअ‍ॅक्शनचा वेग किती वाढतो ते समीकरण! पण दगडी कोळसा जाळून पृथ्वी किती तापेल, याचा आकड्यांत हिशोब पहिल्यांदा याच माणसाने मांडला, हे मला सिलॅबसमध्ये कुठेच सापडलं नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

स्वान्ते अऱ्हेनियसचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ चा, स्वीडनमधल्या उप्साला गावाजवळचा. वडील जमिनीची मोजणी करायचे. १८८४ मध्ये त्याने उप्साला विद्यापीठात प्रबंध दिला. क्षार पाण्यात विरघळल्यावर त्यातून वीज कशी वाहते, हा विषय. प्राध्यापकांना तो काही पटला नाही. त्यांनी अगदी खालचा दर्जा दिला, आणि विद्यापीठात शिकवायची वाट जवळजवळ बंदच झाली. पठ्ठ्या गप्प बसला नाही. प्रबंधाच्या प्रती त्याने युरोपातल्या नामवंत शास्त्रज्ञांना पोस्टाने धाडल्या. त्या वाचून रिगाहून ऑस्टवाल्ड स्वतः त्याला भेटायला उप्सालाला आला! पुढे याच कामातून आयनांचा सिद्धांत उभा राहिला आणि १९०३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल मिळवणारा तो पहिला स्वीडिश माणूस. (एटीकेटीवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा!)

आता दुसरं गणित. हिमयुगं का आली, हा त्या काळी मोठा वादाचा विषय होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी झाला म्हणून तर थंडी पडली नसेल, असं अऱ्हेनियसला वाटलं. १८९४ च्या नाताळात तो हिशोबाला बसला. कॉम्प्युटर सोडा, साधा कॅल्क्युलेटरही नव्हता. अमेरिकेत लँगलीने चंद्रावरून येणाऱ्या उष्णतेची मोजमापं घेतली होती, ती त्याने उसनी घेतली. मग पृथ्वीचे दहा-दहा अंशांचे पट्टे, प्रत्येक पट्ट्याचे चार ऋतू, आणि कार्बन डायऑक्साइडची वेगवेगळी प्रमाणं! हजारो आकडेमोडी हाताने केल्या. वर्षभर हेच चाललं. त्याच काळात संसारही मोडत होता; बायको मुलाला घेऊन वेगळी झाली.

एप्रिल १८९६ मध्ये निबंध छापून आला. उत्तर असं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान ५ ते ६ अंशांनी वाढेल. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात हाच आकडा सुमारे ३ अंश आहे. एकट्याने, कागद-पेन्सिलवर काढलेलं उत्तर एवढं जवळ यावं, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याचा सहकारी हॉगबॉम याने कोळशाचा हिशोब केला होता. तेव्हा जगात वर्षाला सुमारे ५० कोटी टन कोळसा जळायचा. या वेगाने फरक पडायला हजारो वर्षं लागतील, असं दोघांना वाटलं. शिवाय स्वीडनची थंडी! हवा थोडी उबदार झाली तर पिकं बरी येतील, लोक सुखी होतील, असंच अऱ्हेनियसने पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं. १९०० च्या सुमारास आंगस्ट्रॉमने प्रयोग करून त्याचा सिद्धांत खोडून काढला, असं बऱ्याच जणांना वाटलं आणि विषय मागे पडला. १९३८ मध्ये तो पुन्हा वर काढला कॅलेंडर नावाच्या एका ब्रिटिश स्टीम इंजिनिअरने. म्हणजे आपल्यातल्याच एकाने! पण तोवर अऱ्हेनियस गेला होता (२ ऑक्टोबर १९२७, स्टॉकहोम).

त्याचं भौतिकशास्त्र बरोबर निघालं, अंदाज चुकला तो माणसाच्या भुकेचा. २०२४ मध्ये जगाने ८ अब्ज टनांहून जास्त कोळसा वापरला. औद्योगिक क्रांतीआधी हवेत दर दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, तो आता ४२० च्या वर गेलाय. यातला मोठा वाटा वीज केंद्रांचा. १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे तर शाळेतलं गणित. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला की तासाला साधारण साडेचारशे-पाचशे टन वायू धुरांड्यातून वर जातो. राख ईएसपीमध्ये अडते, हा वायू अडत नाही. आणि त्यातला बराचसा भाग शेकडो वर्षं हवेतच राहतो.

चंद्रपूर, कोराडीच्या विजेवरच आपल्या होस्टेलचे पंखे फिरतात, त्यामुळे कोळशाला नुसती नावं ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. उद्या आपल्यातले बरेच जण वीज कंपन्यांतच जातील. कुठला बॉयलर बसवायचा, जुना संच कधी बंद करायचा, सौर वीज रात्रीसाठी साठवायची कशी, हे निर्णय आपल्याच टेबलावर येणार आहेत. अऱ्हेनियसला वाटलं होतं, हाताशी हजारो वर्षं आहेत. आपल्याकडे तेवढा वेळ नाही, आणि आकडे मात्र सगळे समोर आहेत.