वसईचा पोरगा, जपानचा दुभाषा

‘शोगुन’ ही वेब सिरीज तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. काळ सन १६०० चा. जपानी सरदार, पोर्तुगीज व्यापारी, धर्मगुरू आणि या सगळ्यांच्या मध्ये उभे राहून इकडचं बोलणं तिकडे पोचवणारे दुभाषे. पाहताना सतत वाटत राहतं की यांनी एक शब्द इकडचा तिकडे केला तर कुणाची तरी मान जाणार.

आता खरी गंमत ऐका. त्याच्या फक्त सात वर्षं आधी, सिरीजमध्ये ज्याला ‘तैको’ म्हणतात तो ज्याच्यावर बेतलाय, त्या तोयोतोमी हिदेयोशीसमोर असाच एक खराखुरा दुभाषा उभा होता. तो कोकणपट्टीतला होता. वसईचा. त्याचं नाव गोन्सालो गार्सिया.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हे लिहूनच ठेवा. २००८ मध्ये केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना संतपद मिळालं, तेव्हा भारतातल्या पहिल्या संत म्हणून त्यांचं नाव गाजलं. त्या पहिल्या भारतीय स्त्री-संत. कॅथलिक चर्चने संत म्हणून जाहीर केलेला भारतात जन्मलेला पहिला माणूस म्हणजे आपला गोन्सालो, तोही त्याच्या १४६ वर्षं आधी, १८६२ मध्ये.

पंधराव्या वर्षी जहाजावर

गोन्सालोचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज सैनिक, आई इथलीच. म्हणजे घरात दोन भाषा, दोन तऱ्हा. वसईच्या किल्ल्यात जेझुइट धर्मगुरूंची शाळा होती, तिथे तो शिकला. सेबॅस्टियन गोन्साल्विस नावाच्या धर्मगुरूंनी त्याला आपल्या पंखाखाली घेतलं.

१५७२ मध्ये तो जेझुइटांबरोबर जपानला निघाला. वय फक्त पंधरा! आपल्यातले बरेच जण त्या वयात दहावीच्या क्लासला जायचाही कंटाळा करत होते.

जपानची वाट गोव्यावरून जायची. वसईहून गोव्याला जाणारी जहाजं आपल्याच किनाऱ्यासमोरून पुढे सरकायची. मालवणात तेव्हा सिंधुदुर्ग किल्ला नव्हता, त्याचं बांधकाम सुरू व्हायला अजून ९२ वर्षं होती. गोव्यातून मलाक्का, तिथून चीनच्या किनाऱ्यावरचं माकाव आणि मग जपान. हे सगळं वाऱ्याच्या भरवशावर. मोसमी वारा चुकला की पुढच्या वाऱ्याची वाट बघत महिनोन्महिने बंदरात पडून राहायचं. वाऱ्याचं हे गणित आपल्याकडच्या रापणवाल्यांना किंवा ट्रॉलरवाल्यांना वेगळं समजवायला नको.

भाषा येते, पण जागा नाही

जपानमध्ये बड्या बड्या युरोपियन धर्मगुरूंची भाषेपाशी गाडी अडायची. जपानी व्याकरण, बोलताना समोरच्याच्या दर्जाप्रमाणे बदलणारी रूपं, सगळंच अवघड. गोन्सालोने ती भाषा उचलली. आठ वर्षं तो तिथे धर्मशिक्षक म्हणून काम करत होता. गावोगाव जायचं, लोकांशी त्यांच्याच बोलीत बोलायचं, मुलांना शिकवायचं. लोकांना तो आवडायचा.

त्याची स्वतःची इच्छा एकच होती, जेझुइट संघात रीतसर सदस्य व्हायचं. ती पुरी झाली नाही. त्या काळी युरोपियन वरिष्ठ भारतात जन्मलेल्यांना आणि मिश्र रक्ताच्यांना संघात घ्यायला नाखूश असत. आईकडून भारतीय असलेला गोन्सालो त्याच गटातला.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेलच. इंटर्नशिपमध्ये सगळं काम तोच करतो, क्लायंटशी तोच बोलतो, पण पर्मनंट करायची वेळ आली की नाव दुसऱ्याचं निघतं. गोन्सालोने आठ वर्षं वाट पाहिली आणि मग तो बाहेर पडला.

धंदा जमला, मन नाही

पुढची काही वर्षं त्याने व्यापार केला. भाषा होती, ओळखी होत्या, लोकांचा विश्वास होता. धंदा चांगला वाढला. जपान, माकाव, फिलिपिन्स अशा त्याच्या फेऱ्या चालायच्या. तिथेच थांबला असता तर आरामात श्रीमंत म्हातारा होऊन गेला असता आणि आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं.

पण मनिलात त्याची फ्रान्सिस्कन संघाच्या लोकांशी गाठ पडली. हे लोक अंगावर साधा झगा घालून गरिबांत आणि आजाऱ्यांत राहायचे. त्यांनी त्याला आपल्यात घेतलं. धर्मगुरू म्हणून नाही, ब्रदर म्हणून. म्हणजे मिस्सा अर्पण करायचा अधिकार नाही, सेवा करायची. चालता धंदा सोडून गोन्सालोने ते स्वीकारलं.

हिदेयोशीसमोर

इकडे जपानची सूत्रं हिदेयोशीच्या हातात आली होती. शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस लढाया जिंकत सगळ्या जपानचा धनी झाला होता. १५८७ मध्ये त्याने परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम काढला, पण तो कडक राबवला नाही. १५९२ मध्ये त्याने कोरियावर स्वारी केली आणि फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरला आपल्यापुढे मान तुकवायला फर्मावलं.

मनिलात धाबं दणाणलं. बोलणी करायला माणसं पाठवायची ठरली. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या नेतृत्वाखाली वकिलात निघाली. पण हिदेयोशीशी त्याच्या भाषेत बोलणार कोण? ज्याला जेझुइटांनी जागा दिली नव्हती, तो वसईचा ब्रदर.

जरा विचार करा, त्याचं काम काय होतं. एका बाजूला शरण या म्हणणारा हुकूमशहा, दुसऱ्या बाजूला शरण न जाता वेळ काढू पाहणारे स्पॅनिश. दोघांचे शब्द याच्या तोंडातून जाणार. बोलणी फिसकटली नाहीत. उलट या मंडळींना जपानमध्ये राहायची मोकळीक मिळाली. क्योतोमध्ये त्यांनी चर्च उभारलं आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. त्या काळी कुष्ठरोग्याला घरचेही जवळ करत नसत.

एक जहाज फुटलं

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं ‘सान फेलिपे’ नावाचं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटाला लागलं. आत प्रचंड माल होता. हिदेयोशीने तो जप्त केला. वादावादीत जहाजाच्या एका अधिकाऱ्याने स्पेनच्या साम्राज्याची बढाई मारली, आधी धर्मगुरू जातात आणि मागून फौज येते असं तो बोलून गेला, असं सांगतात. नेमकं काय घडलं यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज नंतर बराच काळ एकमेकांवर खापर फोडत राहिले.

एक मात्र खरं की हिदेयोशीची भीती हवेतली नव्हती. फिलिपिन्स स्पेनच्या ताब्यात गेलेलं त्याला दिसत होतं. आपली वसईसुद्धा पोर्तुगीजांनी अशीच घेतली होती. गोन्सालो ज्या जहाजांतून फिरला त्यांत धर्म, व्यापार आणि तोफा एकत्रच असायच्या. दवाखान्यात जखमा धुणारा माणूस आणि देश गिळणारं साम्राज्य यांत फरक करायला हिदेयोशी थांबला नाही.

डिसेंबरात धरपकड झाली. एकूण २६ जणांना शिक्षा ठरली. त्यांत २० जपानी, ४ स्पॅनिश, १ मेक्सिकन आणि १ वसईकर. सगळ्यात लहान मुलगा १२ वर्षांचा. ३ जानेवारी १५९७ ला क्योतोमध्ये प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाड्यांत बसवून धिंड काढली आणि ऐन थंडीत सुमारे ८०० किलोमीटर दूर नागासाकीला नेलं. वाटेतल्या गावांना दहशत बसावी म्हणून. ५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर त्यांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता.

त्याच्या जिवावर बेतलं ते भाषेमुळेच. भाषा येत नसती तर तो त्या वकिलातीत नसता. व्यापारात राहिला असता तर त्या टेकडीवर नसता. हे सगळं ठाऊक असलेला, जपान आतून ओळखणारा माणूस १५९३ मध्ये तिथे परत गेला होता.

आता बघायला काय आहे?

१६२७ मध्ये पोपनी या २६ जणांना ‘धन्य’ घोषित केलं आणि ८ जून १८६२ ला संत. नागासाकीच्या त्या टेकडीवर आज म्युझियम आहे, आणि २६ जणांचे ब्राँझचे पुतळे एका रांगेत उभे आहेत. आपल्या किनाऱ्यावर जन्मलेला एक माणूस त्या रांगेत आहे. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, गास गावात चर्च आहे, आणि किल्ल्यात तो ज्या जगात वाढला त्याचे अवशेष आहेत. कोकण रेल्वेच्या काही गाड्या वसई रोडला थांबतात. किल्ला फक्त रील्स आणि प्री-वेडिंगपुरता ठेवू नका.

जाता जाता आणखी एक. जपानीत ब्रेडला ‘पान’ म्हणतात. आपण पाव म्हणतो. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दातून आलेत, आणि ते इथून तिथे नेणारी जहाजं तीच, ज्यांत गोन्सालो पंधराव्या वर्षी चढला होता. तुम्हाला घरी मालवणी, कॉलेजात मराठी, मोबाईलवर हिंदी आणि इंटरव्ह्यूला इंग्रजी अशी कसरत करावी लागते ना? कुणी त्याला धेडगुजरी म्हणालं तर मनावर घेऊ नका. दोन भाषांच्या मध्ये उभं राहता येणारा माणूस ४०० वर्षांपूर्वीही कमीच मिळायचा.