हिस्लॉप : नावामागचे मास्तर

नागपूरकराला हिस्लॉप हा शब्द नवा नाही. धरमपेठेतल्या कितीतरी घरांतले काका, आत्या, आई-वडील सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजात शिकले. आपल्या शाळेतूनही अनेक जण पुढे तिकडे गेले. पण हे एका माणसाचं नाव आहे आणि तो माणूस शिक्षक होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. मी इंजिनिअरिंगला गेले, त्यामुळे ते कॉलेज काही मला लाभलं नाही. तरी स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं तेव्हा मनात हेच नाव आलं. त्याचं कारण शेवटी सांगते.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी झाला. त्यांनी धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलं. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, तेव्हा ते नव्या फ्री चर्चबरोबर गेले आणि त्याच चर्चचे मिशनरी म्हणून १८४४ च्या अखेरीस मुंबईला उतरले. १८४५ च्या फेब्रुवारीत ते नागपुरात पोचले. इथे तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं. इंग्रज रेसिडेंट सीताबर्डीला आणि इंग्रज फौज कामठीला असे. रेल्वे नागपुरात आली १८६७ मध्ये, म्हणजे हिस्लॉप गेल्यानंतर चार वर्षांनी. यावरून तेव्हाचं नागपूर किती दूर होतं याची कल्पना यावी.

त्यांनी मराठी शिकून घेतली आणि १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली. धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता. तो त्यांनी कधी लपवला नाही आणि आपणही झाकू नये. एखादा विद्यार्थी ख्रिस्ती व्हायच्या विचारात आहे असं कळलं की गावात खळबळ उडे, पालक धास्तावत आणि तक्रार थेट दरबारापर्यंत जाई. त्या पालकांची काळजी खोटी नव्हती. मुलाने इंग्रजी शिकावं, पण घरापासून तुटू नये, असं त्यांना वाटत होतं. हा ताण पुढेही राहिला आणि त्याच ताणात नागपुरातलं आधुनिक शिक्षण रुजलं.

१८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी त्यांच्या मदतीला आले. शिकवण्यातून वेळ मिळेल तेव्हा दोघे नागपूरच्या आसपास पायी भटकत आणि दगड पाहत. १८५१ च्या सुमारास, तेव्हा शहराबाहेर असलेल्या टाकळीला त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दगडात जसेच्या तसे राहिलेले सापडले. मग शोध सुरूच राहिला. फळं, बिया, किड्यांचे पंख, माशांचे अवशेष असं कितीतरी हाती लागलं. जी टाकळी आज पूर्णपणे शहराच्या पोटात गेली आहे, ती त्यांच्यामुळे लंडनच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक झाली.

बर्डीचा किल्ला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्या टेकडीत हिस्लॉप आणि हंटर यांनी एक गोष्ट हेरली. खाली काळा दगड, वर काळा दगड आणि मधे गोड्या पाण्याच्या तळ्यात साचलेल्या गाळाचा पातळ थर. याचा अर्थ असा, की लाव्हा एकदाच वाहिला नाही. तो वाहिला, थंड झाला, त्यावर तळी साचली, झाडं वाढली, गोगलगायी फिरल्या आणि मग पुन्हा लाव्हा आला. आज आपण या घडामोडीचा काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानतो. १८५५ मध्ये दोघांचा नागपूरच्या भूशास्त्रावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. तब्येतीमुळे हंटर स्कॉटलंडला परतले आणि पुढे एका मोठ्या ज्ञानकोशवजा इंग्रजी शब्दकोशाचे संपादक झाले. हिस्लॉप मात्र नागपुरात काम करत राहिले.

त्यांच्या कामाची पद्धत मला, रोज कोड लिहिणारीला, फार जवळची वाटते. कुठली वस्तू कुठल्या गावी, कुठल्या थरात मिळाली याची ते नोंद ठेवत. जे आपल्याला ओळखता येत नाही ते जाणकाराकडे पाठवत. नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ६० मैलांवर मांगली इथे सापडलेल्या प्राण्याच्या कवटीचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केलं. वनस्पतींवर बनबरी यांनी लिहिलं, किड्यांवर अँड्र्यू मरे यांनी. गोदावरीच्या खोऱ्यातल्या मलेरीच्या माशांच्या दातांवर ओल्डहॅम यांनी लिहिलं आणि त्या जातीला हिस्लॉप यांचंच नाव दिलं. पुढे १८८५ मध्ये मलेरीच्याच एका मगरीसारख्या प्राण्यालाही त्यांचं नाव मिळालं. हिस्लॉप यांनी खडकांची जी वयं मांडली त्यातली काही नंतर बदलली. पण नोंदी पक्क्या होत्या, म्हणून पुढच्यांना दुरुस्ती करता आली.

दगडांइतकंच त्यांचं लक्ष माणसांकडेही होतं. गोंडांची भाषा, चालीरीती आणि लिंगोची गाणी त्यांनी टिपून ठेवली. ज्यांच्याकडे बाकीचे साहेब रानटी म्हणून पाहत, त्यांच्याकडे एवढं मोठं मौखिक वाङ्मय आहे हे त्यांच्या कागदांतून बाहेर आलं. ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये ते कागद संपादित करून प्रसिद्ध केले.

१८६३ च्या सप्टेंबरात टेंपल बोरीला मुक्कामी होते. जवळच्या टाकळघाटला प्राचीन शिळावर्तुळं आहेत, ती पाहायला हिस्लॉप त्यांच्याबरोबर गेले. दगड पाहून झाल्यावर टेंपल पुढे निघाले आणि हिस्लॉप गावातली शाळा तपासायला मागे थांबले. ४ सप्टेंबरच्या त्या रात्री ते एकटेच घोड्यावरून परतत होते. पावसाने नाला फुगला होता. घोडा मुक्कामी आला, स्वार आला नाही. शोधायला गेलेल्यांना नाल्यात त्यांचा देह मिळाला. वयाची ४६ वर्षं पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते.

१८८३ मध्ये त्यांच्या शाळेच्या परंपरेतून कॉलेज उभं राहिलं आणि त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यानंतरही बराच काळ गेला आणि १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाने डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली त्याच टाकळघाटला रीतसर उत्खनन केलं.

आता कारण सांगते. माजी विद्यार्थी म्हणून शाळेला काय द्यावं यावर आपण बोलतो तेव्हा संगणक, प्रोजेक्टर, रंगरंगोटी अशी यादी होते. ते सगळं द्यावंच. माझं पोटही संगणकावरच चालतं. पण हिस्लॉप वाचल्यापासून मला वाटतं, की त्या यादीत शिक्षकांच्या स्वतःच्या अभ्यासासाठीही एक रक्कम असावी. कुणाला गोरेवाड्याच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या असतील, कुणाला गोंडी शब्द जमवायचे असतील, कुणाला गणिताचा जुना प्रश्न सोडवायचा असेल. त्यासाठी पुस्तकं, प्रवास आणि मुख्य म्हणजे मोकळा वेळ लागतो. आपल्या शिक्षकांकडे जिज्ञासा भरपूर आहे; वेळ मात्र तपासणी, फॉर्म आणि निवडणुकीच्या कामांत जातो.

ज्या मास्तरांना स्वतःला काही शोधायचं आहे, त्यांच्या वर्गात बसलेल्या मुलालाही न सांगता कळतं की पुस्तकातलं सगळं अजून लिहून झालेलं नाही. बर्डीच्या टेकडीकडे आपण लहानपणापासून बघत आलो. तिच्यात दोन लाव्हांच्या मधे एक तळं आहे, हे आपल्या शाळेतल्या पुढच्या मुलांना तरी शाळेतच कळावं.