महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे

आज मी तुम्हाला पांडुरंग वामन काणे यांची माहिती सांगणार आहे. ते फार मोठे विद्वान होते, पण जन्मले आपल्यासारखेच खेड्यात.

त्यांचा जन्म ७ मे १८८० रोजी रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणजवळ परशुराम या गावी झाला. त्यांचे वडील वकील होते. त्यांची शाळा दापोलीला झाली. पुढे मुंबईला जाऊन ते एम. ए. झाले. मग आपल्या गुरुजींसारखे तेही शाळेत शिक्षक झाले. आधी रत्नागिरीला शिकवलं, मग मुंबईला. नंतर त्यांनी मुंबईच्या हायकोर्टात वकिली केली.

संस्कृतमध्ये व्यवहारमयूख नावाचा कायद्याचा जुना ग्रंथ आहे. त्याला प्रस्तावना लिहायला काणे बसले. ती वाढत वाढत एवढी वाढली, की तिचा वेगळा ग्रंथच झाला! त्याचं नाव धर्मशास्त्राचा इतिहास. तो त्यांनी इंग्रजीत लिहिला. पूर्वीचे लोक लग्न कसे लावत, वाटणी कशी करत, न्याय कसा देत, व्रते आणि तीर्थयात्रा कशा करत, हे सगळं त्यात आहे. पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचवा १९६२ साली. पाने सहा हजारांहून जास्त! तेव्हा काणे ८२ वर्षांचे होते. मला तर एक पान शुद्धलेखन लिहिलं तरी हात दुखतो.

ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५३ ते १९५९ या काळात ते राज्यसभेचे सभासद होते. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९७२ साली ते वारले.

हे सगळं मी घरी आजीला वाचून दाखवलं. आजी कधी शाळेत गेली नाही. ती अंगठा लावते. मी म्हटलं, आजी, तू तर अजून ७० चीच आहेस. ती हसली आणि उठून चुलीकडे गेली. पण रात्री तिनेच माझी पाटी मागितली. आता तिला स्वतःच्या नावातली दोन अक्षरं येतात. तिसऱ्यात काना आहे, तो ती उलट्या बाजूला देते.

काण्यांचं काम एका प्रस्तावनेपासून सुरू झालं, आजीचं एका अक्षरापासून. अशा या थोर पुरुषास माझा नमस्कार.

— इयत्ता चौथी