संत जोसेफ वाझ : देवाच्या छायेतील प्रवासी



काही दिवसांपूर्वी एका घरी मयताच्या प्रार्थनेला गेलो होतो. प्रार्थना आटोपल्यावर घरातल्या आईने मला बाजूला घेतले. रोज संध्याकाळी आमच्या घरात रोझरी होते, मग देवाने आमचे रक्षण का केले नाही, असा त्यांचा प्रश्न होता. मला उत्तर देता आले नाही. नुसता त्यांच्याजवळ बसून राहिलो. परत येताना संत जोसेफ वाझ यांची आठवण झाली. आज त्यांचे जीवन आपल्यापुढे ठेवतो.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे, त्यांच्या आजोळी झाला. घराणे सांकवाळचे. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. काही वर्षे त्यांनी कानडा प्रांतात सेवा केली. पुढे जुन्या गोव्यात काही गोवेकर धर्मगुरू ओरेटरी संघ स्थापून एकत्र राहू लागले, त्यात ते सामील झाले.

त्या काळी श्रीलंकेतील कॅथलिकांची अवस्था बिकट होती. १६५८ पर्यंत डच लोकांनी तिथली पोर्तुगीज ठाणी जिंकून घेतली होती. डच कॅल्विनपंथी असल्यामुळे त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले आणि त्यांना आसरा देणे हा गुन्हा ठरवला. जवळजवळ ३० वर्षे तिथल्या लोकांना ना मिस्सा, ना पापनिवेदन, ना मरताना तैलाभ्यंग. हे ऐकून फादर वाझ अस्वस्थ झाले. १६८६ साली त्यांनी गोवा सोडला आणि जुआंव नावाच्या सेवकासह १६८७ मध्ये ते जाफन्याला पोहोचले. अंगावर मजुराचे फाटके कपडे होते.

पोहोचतात तोच त्यांना जबरदस्त हगवण लागली. पोटात अन्न नाही, ओळखीचे कोणी नाही. ज्याने देवाच्या कामासाठी घरदार सोडले, त्याचे स्वागत असे झाले! तरीही ते वाचले. मग गळ्यात रोझरी घालून ते दारोदार भीक मागू लागले. रोझरी पाहून ज्यांचे डोळे चमकत, ते आपले लोक, अशी त्यांनी खूण धरली. हळूहळू रात्रीच्या वेळी, बंद दारांआड मिस्सा होऊ लागल्या.

१६८९ च्या नाताळच्या रात्री डच शिपायांनी जाफन्यात धाड घातली. मिस्सासाठी जमलेले सुमारे ३०० लोक पकडले गेले. एका प्रतिष्ठित प्रापंचिकाने तर मार खाऊन प्राण सोडले. फादर वाझ मात्र शिपायांच्या हाती लागले नाहीत. देवाने त्यांना वाचवले असे आपण सहज म्हणतो. पण मग त्या मार खाणाऱ्याला देव विसरला होता काय? नाही. त्याची श्रद्धा शेवटपर्यंत कोणी हिरावून घेऊ शकले नाही. रक्षण दोघांचेही झाले, रीत मात्र वेगळी होती.

पुढे फादर वाझ कँडीच्या राज्यात गेले, तर १६९२ साली पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना तुरुंगात टाकले गेले. तुरुंगात ते सिंहली भाषा शिकले आणि तिथेच एक छोटी झोपडी उभारून त्यांनी प्रार्थनेसाठी जागा केली. हळूहळू राजा विमलधर्मसूर्य दुसरा याच्या मनातला संशय दूर झाला. पुढे मोठा दुष्काळ पडला असता फादरांनी भर चौकात वेदी आणि क्रूस ठेवून प्रार्थना केली आणि धो धो पाऊस आला, असे परंपरेने सांगितले जाते.

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा आणि श्रीमंत लोक शहर सोडून गेले. आजाऱ्यांना घरचेच लोक रानात टाकून देऊ लागले. फादर वाझ आणि त्यांचे सहकारी फादर जोसेफ कार्व्हालो मात्र मागे राहिले. ते आजाऱ्यांना धुवत, भरवत आणि मेलेल्यांना मूठमाती देत. रोगी कोणत्या धर्माचा, हे त्यांनी पाहिले नाही.

इथे थोडे थांबू या. जो माणूस डच शिपायांपासून लपला, वेष पालटून फिरला, तोच देवीच्या साथीतून पळाला नाही. हे कसे? सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगितले तेव्हा त्याने ९१ व्या स्तोत्राचाच आधार घेतला होता, हे आपल्याला ठाऊक आहे. येशूने उडी टाकली नाही. पण क्रूसाची वाटही सोडली नाही. देवाची परीक्षा पाहणे वेगळे आणि देवावर भरवसा ठेवणे वेगळे. फादर वाझ लपले ते आपल्या कळपासाठी, आणि साथीत थांबले तेही कळपासाठीच. आपला जीव देवाच्या हाती आहे हे एकदा मनाशी ठरल्यावर, तो सांभाळणे आणि खर्च करणे ही दोन्ही सेवाच होतात.

श्रीलंकेत २४ वर्षे राबून १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे ते देवाघरी गेले. वय अवघे ५९. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले.

त्या आईचा प्रश्न अजून माझ्या मनात आहे. तिला मी आता इतकेच सांगेन की, तुमची रोझरी वाया गेली नाही. दुःख आपल्या दारी येणारच नाही, असे वचन देवाने दिलेले नाही. आपण दुःखात असताना तो आपल्याला एकटे सोडणार नाही, हे वचन मात्र आहे. आणि ते पुष्कळदा माणसांच्या हातून पुरे होते. कँडीतल्या रानात टाकलेल्या रोग्याला देवाचे रक्षण मिळाले ते फादर वाझ यांच्या हातून. या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील एखाद्या दुःखी घरी आपणही जाऊन बसू या.

संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती कर.

आपला,
प्रमुख धर्मगुरू