डॅनियल ओकॉनेल : एका कॅथलिक लोकनायकाचे अल्पचरित्र

धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेत संतांची व धर्मगुरूंची चरित्रे यावीत, हे योग्यच आहे. आम्ही येथे जे चरित्र देत आहो ते मात्र एका वकिलाचे आहे. ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिलेले नाही आणि त्यांच्या हातून एका मनुष्याचा प्राणही गेला. तेव्हा असे चरित्र निवडण्याचे कारण प्रथम सांगणे आवश्यक आहे. डॅनियल ओकॉनेल यांनी ब्रिटिश पार्लमेंटचे दरवाजे कॅथलिकांस उघडून दिले, ते तलवारीच्या बळावर नव्हे. त्यांचे सैन्य म्हणजे आयर्लंडातील धर्मग्राम, आणि त्या सैन्याचा दारूगोळा म्हणजे मिस्सा आटोपून देवळाबाहेर पडणाऱ्या गरीब शेतकऱ्याने दरमहा दिलेली एक पेनी. त्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले, हेही आम्हांस सांगावयाचे आहे.

ओकॉनेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १७७५ रोजी आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकास, केरी परगण्यात, काहरसिव्हीन गावाजवळ झाला. घराणे जुने, कॅथलिक आणि खाऊनपिऊन सुखी होते. तान्हेपणी त्यांस एका कुळाच्या झोपडीत वाढविण्यास ठेवले होते. त्यामुळे त्यांच्या तोंडी पहिली भाषा बसली ती आयरिश, आणि गरिबाच्या चुलीजवळचे बोलणे कसे असते हे त्यांस कधी शिकावे लागले नाही. पुढे मॉरिस नावाच्या निपुत्रिक चुलत्यांनी त्यांस डेरिनेन येथील आपल्या वाड्यात नेले. या चुलत्यांच्या संपत्तीचा काही भाग फ्रान्सहून चोरट्या मार्गाने आणलेल्या मालातून आला होता, हे चरित्रकाराने लपवून चालणार नाही. ज्या सरकारने कॅथलिकांस सरळ मार्गाने वर येऊ दिले नाही, त्याची जकात बुडविण्यात केरीच्या लोकांस फारसे पाप वाटत नसे.

मायदेशी कॅथलिकांच्या उच्च शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून चुलत्यांनी १७९१ साली पुतण्यास फ्रान्समधील सेंट ओमेर येथे व पुढील वर्षी दुए येथील विद्यालयात धाडले. तोच फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा धर्मगुरूंच्या विद्यालयांपर्यंत येऊन पोहोचला. २१ जानेवारी १७९३ रोजी पॅरिसमध्ये राजा सोळावा लुई याचा शिरच्छेद झाला, आणि त्याच दिवशी हा सतरा वर्षांचा विद्यार्थी फ्रान्स सोडून इंग्लंडच्या वाटेस लागला. पाच वर्षांनी, १७९८ साली, ते डब्लिनमध्ये बॅरिस्टर झाले, त्याच वर्षी आयर्लंडात बंड होऊन हजारो माणसे कापली गेली. स्वातंत्र्याच्या नावाने रक्त वाहिले म्हणजे ते गरिबाचेच वाहते, अशी त्यांची जी समजूत झाली ती अखेरपर्यंत टिकली.

१८०१ सालापासून आयर्लंडची स्वतंत्र पार्लमेंट बंद होऊन ती लंडनच्या पार्लमेंटात विलीन झाली. त्याबरोबर कॅथलिकांस समान हक्क मिळतील अशी आशा मुख्य प्रधान पिट यांनी उत्पन्न केली होती. परंतु राजा तिसरा जॉर्ज यांनी हट्ट धरला, पिट यांनी राजीनामा दिला, आणि वचन तसेच राहिले. १७९३ सालच्या कायद्याने आयर्लंडातील कॅथलिकांस मत देता येत होते, पण पार्लमेंटात बसता येत नव्हते. सभासदास जी प्रतिज्ञा करावी लागे तीत मिस्साबलिदान आणि पवित्र मरियेचा व संतांचा धावा ही मूर्तिपूजा आहे असे म्हणावे लागे. श्रद्धावंत कॅथलिकास हे कसे जमावे? न्यायाधीशाची जागा तर राहोच, वकिलीतील वरचा दर्जाही कॅथलिकांस बंद होता. ओकॉनेल आयर्लंडातील अग्रगण्य वकील झाले तरी त्यांच्याहून पुष्कळ कमी योग्यतेचे प्रॉटेस्टंट वकील कोर्टात त्यांच्या पुढच्या बाकावर बसत.

स्वभावाने ते धिप्पाड देहाला शोभतील असेच होते: मोठा आवाज, मोठे हसणे, मोठा खर्च. जीभ मात्र फार तिखट, आणि तिनेच त्यांच्या आयुष्यावर डाग लाविला. डब्लिन नगरपालिकेस त्यांनी एका भाषणात भिकारी ठरविले. त्या संस्थेचे सभासद डेस्टेर यांनी त्यांस द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले, आणि १८१५ सालच्या फेब्रुवारीत ओकॉनेल यांच्या गोळीने डेस्टेर जखमी होऊन मरण पावले. ख्रिस्तसभेने निषिद्ध मानिलेले हे कृत्य त्यांनी त्या काळच्या मानापमानाच्या कल्पनेपायी केले, आणि त्याचा पश्चात्ताप जन्मभर वाहिला. मृताच्या मुलीस त्यांनी वार्षिक नेमणूक लावून दिली, आणि पुन्हा कधी पिस्तूल उचलले नाही. पुढे ख्रिस्तप्रसाद घेण्यास जाताना ते उजव्या हातात काळा मोजा घालीत, असे सांगतात.

आता आम्ही मुख्य कथेकडे येतो. १८२३ साली ओकॉनेल यांनी कॅथलिक असोसिएशन स्थापिली. आरंभी तिची वर्गणी वर्षास एक गिनी असल्यामुळे ती शहरी सभ्य गृहस्थांचीच मंडळी राहिली. १८२४ साली त्यांनी अशी युक्ती काढली की, दरमहा एक पेनी देणाऱ्यासही संस्थेत घ्यावे आणि ही पेनी धर्मग्रामाधर्मग्रामातून गोळा व्हावी. एक पेनी म्हणजे काहीच नव्हे, आणि म्हणूनच ती सर्व काही ठरली. ज्याने पेनी दिली तो स्वतःस त्या चळवळीचा धनी समजू लागला. धर्मगुरू पुढाकार घेत, देवळाच्या दारात वर्गणी जमे, हिशेब लिहिले जात, वर्तमानपत्र वाचून दाखविले जाई. राजकीय पक्षाची अशी उभारणी ब्रिटिश राज्यात यापूर्वी कोणी केली नव्हती. पुढे इंग्लंडातील सुधारणावाद्यांनी जी लोकसंघटना केली तिचा पहिला धडा आयर्लंडातील देवळांच्या अंगणात गिरविला गेला, असे आमचे मत आहे.

या गरीब मतदारांविषयी थोडे सांगितले पाहिजे. ज्याच्या हयातीच्या पट्ट्याची जमीन खंड वजा जाता वर्षास चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंड, किमतीची असे, त्या कुळास मत होते. परंतु मत गुप्त नव्हते. सर्वांसमक्ष उमेदवाराचे नाव उच्चारावे लागे. जमीनदार आपल्या कुळांस मेंढरांसारखी मतदानास हाकीत नेई, आणि उलट मत देणाऱ्यास जमिनीवरून उठविले जाण्याचे भय असे. कोकणातील खोत आणि कूळ यांच्या गोष्टी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांस हे भय समजावून देण्याची गरज नाही. तरीही १८२६ साली वॉटरफर्ड येथे या कुळांनी बेरेस्फर्ड या बलाढ्य जमीनदार घराण्याचा उमेदवार पाडला.

दोन वर्षांनी क्लेअर परगण्यात पोटनिवडणूक आली. तेथील सभासद व्हेसी फिट्झजेरल्ड यांस मंत्रिपद मिळाले होते, आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे त्यांस पुन्हा निवडून येणे भाग होते. हे गृहस्थ कॅथलिकांच्या हक्कांचे विरोधक नव्हते, उलट मित्रच होते. नशिबाने त्यांस चुकीच्या वेळी चुकीच्या जागी उभे केले. ओकॉनेल यांनी स्वतः उमेदवारी जाहीर केली. कॅथलिकास उमेदवार होण्यास कायद्याची मनाई नव्हती. मनाई होती ती शपथेची, आणि तीही निवडून आल्यावर. जुलै १८२८ मध्ये एनिस शहरी मतदान झाले. जमीनदार आपापली कुळे घेऊन आले, आणि कोरोफिनचे फादर मर्फी यांच्यासारख्या धर्मगुरूंनी त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलून त्यांची मने वळविली. हजारो माणसे शहरात उतरली होती. पण दारूस कोणी शिवावयाचे नाही असा निर्धार होता, आणि तो पाळला गेला. ओकॉनेल यांस २,०५७ मते पडली, फिट्झजेरल्ड यांस ९८२.

मुख्य प्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन हे नेपोलियनचा पराभव करणारे सेनापती. परंतु न लढणाऱ्या सैन्यापुढे काय करावे, हे त्यांसही सुचेना. हक्क नाकारावे तर आयर्लंडात यादवी माजेल, अशी त्यांची व गृहमंत्री पील यांची खात्री झाली. राजा चौथा जॉर्ज यांनी बराच आकांत केला. अखेर १३ एप्रिल १८२९ रोजी कॅथलिकांच्या मुक्ततेच्या कायद्यास त्यांची संमती मिळाली. काही थोडी अधिकारपदे वगळून सर्व पदे कॅथलिकांस मोकळी झाली. १८७४ साली कॅथलिक झालेले लॉर्ड रिपन १८८० साली हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होऊन येऊ शकले आणि १८८२ साली येथे स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव करू शकले, ते याच कायद्यामुळे.

परंतु त्याच वेळी दुसराही एक कायदा झाला. आयर्लंडातील परगण्यांत मतदानाची पात्रता चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यात आली, आणि मतदारांची संख्या सुमारे २,१६,००० वरून सुमारे ३७,००० वर आली. ज्या कुळाने बिऱ्हाड उघड्यावर पडण्याची जोखीम पत्करून क्लेअर येथे मत दिले, त्याचेच मत काढून घेण्यात आले. पार्लमेंटात बसण्याचा हक्क मिळाला तो ज्याच्यापाशी तेथवर जाण्याचे साधन होते त्यास. ज्याने तो मिळवून दिला तो रिकाम्या हाताने घरी गेला. ओकॉनेल यांनी या कायद्यास विरोध दर्शविला खरा. पण १८२५ साली अशाच एका तडजोडीस त्यांनी एकदा मान्यता दिली होती, आणि या वेळी विजय हातचा जाईल या भीतीने त्यांनी प्राणपणाने झुंज दिली नाही. आम्हांस त्यांच्याविषयी कितीही आदर असला तरी हे देणे त्यांच्या खात्यावर मांडलेच पाहिजे.

सरकारने त्यांस स्वतःलाही सुखाने आत येऊ दिले नाही. क्लेअरची निवड कायद्याच्या आधीची, म्हणून जुनीच शपथ घ्या, असे त्यांस सांगण्यात आले. १५ मे १८२९ रोजी ते सभागृहात गेले तेव्हा ती शपथ त्यांनी नाकारली. त्या आठवड्यात पुन्हा विचारणा झाली तेव्हा त्यांनी शपथेचा कागद मागून घेतला, शांतपणे वाचला, आणि तीतील एक विधान खोटे असल्याचे आपणांस ठाऊक आहे व दुसरे खरे नाही असे आपण मानतो, असे सांगून ते बाहेर पडले. जुलैत क्लेअरच्या मतदारांनी त्यांस बिनविरोध पुन्हा निवडून दिले. कॅथलिक वकिलांस वरचा दर्जा देण्याची पहिली यादी निघाली, तीतून मात्र त्यांचे नाव गाळलेले होते.

पार्लमेंटात शिरल्यावर ते केवळ कॅथलिकांचे वकील राहिले नाहीत. त्या काळी ओल्ड सारम नावाच्या ओसाड जागेस दोन सभासद आणि मँचेस्टरसारख्या मोठ्या शहरास एकही नाही, अशी व्यवस्था होती. १८३० साली ओकॉनेल यांनी सर्व प्रौढ पुरुषांस मत आणि तेही गुप्त असावे अशी मागणी पुढे मांडली. तिला मूठभरच पाठिंबा मिळाला. मार्च १८३१ मध्ये लॉर्ड ग्रे यांच्या मंत्रिमंडळाचे सुधारणेचे बिल दुसऱ्या वाचनास ३०२ विरुद्ध ३०१, म्हणजे एका मताने, मंजूर झाले. ज्या बाजूस हे एक अधिक मत पडले त्या बाजूस ओकॉनेल होते, हे इंग्रज वाचकांच्या ध्यानात क्वचितच असते. १८३२ साली ती सुधारणा कायद्यात आली. आयर्लंडच्या बिलात चाळीस शिलिंगवाल्या कुळांचे मत परत द्यावे म्हणून त्यांनी खटपट केली, ती व्यर्थ गेली. गुप्त मतदान १८७२ साली आले, त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

यहुद्यांनाही पार्लमेंटात बसता यावे म्हणून ते झटले, आणि काळ्या लोकांच्या गुलामगिरीविरुद्ध तर अमेरिकेतील आयरिश बांधव रुष्ट होऊन देणग्या आटल्या तरी बोलत राहिले. १८४५ साली गुलामगिरीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी डब्लिन येथे त्यांचे भाषण ऐकले.

१८४१ साली ते डब्लिनचे लॉर्ड मेयर झाले, ज्या नगरपालिकेपायी डेस्टेर प्राणास मुकले तिचेच. त्यानंतर आयर्लंडची पार्लमेंट परत मिळविण्यासाठी त्यांनी प्रचंड सभा भरविल्या. १५ ऑगस्ट १८४३ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, तारा टेकडीवर लाखो लोक जमले. ऑक्टोबरात क्लॉनटार्फची सभा सरकारने आदल्या दिवशी बंद केली आणि फौज आणिली; ओकॉनेल यांनी लोकांस घरी परतण्यास सांगितले. तरुण मंडळींनी त्यांस भित्रे म्हटले. १७९८ ज्यांनी पाहिले नव्हते त्यांस तसे म्हणणे सोपे होते. सरकारने तरीही त्यांस तुरुंगात घातले. पंच सारे प्रॉटेस्टंट होते. सप्टेंबर १८४४ मध्ये लॉर्डांच्या सभेने ती शिक्षा रद्द केली.

१८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि दुष्काळ आला. फेब्रुवारी १८४७ मध्ये ओकॉनेल शेवटचे बोलावयास उभे राहिले, तेव्हा पूर्वी मैदाने भरून टाकणारा तो आवाज जवळच्या बाकांपर्यंतही पोहोचेना. आपल्या लोकांस अन्न द्या, नाहीतर त्यांतील चवथा हिस्सा मरेल, एवढेच त्यांचे मागणे होते. नंतर ते रोमच्या यात्रेस निघाले, पण जिनोआ येथेच १५ मे १८४७ रोजी त्यांचा अंत झाला. शपथेचा कागद नाकारण्यासाठी ते प्रथम पार्लमेंटात गेले त्यास त्या दिवशी बरोबर अठरा वर्षे झाली होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे हृदय रोमला नेण्यात आले. देह ऑगस्टमध्ये डब्लिनला आणून ग्लासनेव्हिन येथे पुरला. कॅथलिकांस आपल्या मृतांवर निर्वेध प्रार्थना म्हणता यावी म्हणून १८३२ साली त्यांनीच पुढाकार घेऊन उघडलेली ही दफनभूमी. ती सर्व पंथांच्या लोकांसाठी खुली ठेवलेली होती, आणि त्या वर्षी तेथे दुष्काळाने व तापाने मेलेल्यांच्या खाचा रोज खणल्या जात होत्या.