विश्लेषण : दहा गोलांच्या पराभवानंतर चारच वर्षांत ऑलिम्पिकची उपांत्य फेरी… प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम कोण होते?

भारताचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत खेळला आणि तिथे काही मिनिटे आघाडीवरही होता, हे आज सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही. ४ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नमध्ये ही लढत झाली. समोर युगोस्लाव्हिया होता. भारत १-४ असा हरला आणि अंतिम फेरीचे दार बंद झाले. ते दार पुन्हा कधीच उघडले नाही. त्या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. २०२४ मध्ये आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटात अजय देवगणने साकारलेले रहीम ते हेच. चित्रपटाचा कळस अर्थातच १९६२ चे जकार्तामधील सुवर्णपदक आहे. पण रहीम यांचे काम समजून घ्यायचे तर त्यांच्या पराभवांकडे पाहणे अधिक उपयोगाचे.

शाळामास्तर ते प्रशिक्षक

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठात शिक्षण, तिथल्याच संघातून फुटबॉल आणि मग शाळेत शिक्षकाची नोकरी. पुढे त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. मैदानावर ते शेवटपर्यंत मास्तरच राहिले. शिस्त कडक, पण शिकवण्याची पद्धत मुलांना गोडी लावणारी. ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा, फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा, मोजक्या खेळाडूंचे छोटे सामने असे प्रकार ते भरवत. हेतू साधा होता. चेंडू पायात घोळवत न बसता तो पटकन सहकाऱ्याकडे द्यायचा आणि दोन्ही पाय सारखेच चालले पाहिजेत.

तुलसीदास बलराम हे पुढे देशातील नामवंत आघाडीपटू झाले. त्यांच्याकडे सरावाला येण्यापुरतेही पैसे नसत, तेव्हा सायकलच्या भाड्याचे पैसे रहीम देत.

हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाती होता. या संघाची ओळख मुंबईकरांना वेगळी करून द्यायला नको. कूपरेजवर रंगणारा रोव्हर्स चषक त्यांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. तेव्हा भारतीय फुटबॉल म्हणजे कोलकाता, असे समीकरण होते. ते हैदराबादच्या पोलिसांनी मोडले.

हेलसिंकीत काय झाले?

१९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले. प्रशिक्षक रहीमच होते. त्यामुळे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला संघ गेला तो आशियाई विजेता म्हणून.

१५ जुलै १९५२ रोजी युगोस्लाव्हियाने या विजेत्यांना १०-१ असे धुतले. एकट्या ब्रँको झेबेकचे चार गोल होते. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांनी अगदी शेवटी केला. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका सामन्यातच खेळ खल्लास.

भारताचे बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत होते आणि हेलसिंकीची थंड हवा त्यांच्या सवयीची नव्हती. या पराभवानंतर भारतात बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. सगळे खापर अनवाणी पायांवर फोडण्याची आपल्याकडे सवय आहे, पण ते अर्धेच खरे. हाच युगोस्लाव्हिया पुढे अंतिम फेरीत गेला आणि रौप्यपदक घेऊन परतला. तो वेग, तो शारीरिक जोम आणि ती जागा हेरण्याची हातोटी बूट घालून येणारी नव्हती. रहीम यांनी नेमके हेच ओळखले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी तीन बचावपटूंची जुनी रचना बाजूला ठेवत संघाला ४-२-४ कडे नेले.

मेलबर्नची ती काही मिनिटे

१९५६ च्या ऑलिम्पिकमध्ये अनेक देशांनी माघार घेतल्याने फुटबॉलमध्ये फक्त ११ संघ उरले होते. हंगेरीच्या माघारीमुळे भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. नशिबाचा हा वाटा मान्य करायलाच हवा. पण १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले ते खेळाच्या जोरावर. यात तीन गोल होते नेव्हिल डिसोझा यांचे. मूळ गोव्यातील आसगावचे आणि मुंबईत टाटाच्या संघाकडून खेळणारे नेव्हिल हे ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे पहिले आशियाई खेळाडू ठरले.

उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया. मध्यांतरापर्यंत गोलफलक कोरा होता. चार वर्षांपूर्वी याच देशाविरुद्ध मध्यांतरालाच पाच गोल झाले होते, हे लक्षात घेतले की त्या ०-० चे मोल कळते. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला नेव्हिल यांनी गोल केला आणि भारत १-० असा पुढे गेला.

आघाडी जेमतेम काही मिनिटे टिकली. युगोस्लाव्हियाने बरोबरी साधली, लगेच दुसरा गोल केला आणि पाव तासाच्या आत तिसराही. चौथा गोल भारताकडून झालेला स्वयंगोल होता. फलकावरचा १-४ हा आकडा एकतर्फी वाटतो, पण सामना तासभर तसा नव्हता. आघाडी मिळाल्यावर ती राखायची कशी, याचा अनुभव मात्र भारताकडे नव्हता. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियानेही ०-३ असे हरवले आणि भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला तो पहिला आशियाई संघ होता. चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरले.

जकार्ता, आणि मग?

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारताने फ्रान्सला १-१ असे रोखले, हंगेरीशी १-२ अशी झुंज दिली, पण पेरूकडून १-३ असे हरून साखळीतच संपले. रहीम यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम त्या संघात होते. त्यांना एकही सामना खेळायला मिळाला नाही!

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेपर्यंत रहीम यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. सलामीलाच दक्षिण कोरियाने ०-२ असे हरवले. त्यानंतर मात्र संघ सावरला. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंग या बचावपटूला रहीम यांनी थेट आघाडीला खेळवले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा कोरिया होता आणि प्रेक्षक भारतावर चिडलेले होते. इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवण्यावर भारतीय पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी टीका केल्याचा तो राग होता. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांच्या गोलांवर भारत २-१ असा जिंकला.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी रहीम यांचे निधन झाले. वय होते अवघे ५३. पुढच्या वर्षीच्या टोकियो ऑलिम्पिकसाठी भारत पात्र ठरू शकला नाही. रोमनंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिम्पिकमध्ये दिसलेला नाही.