घराण्यातला कर्करोग आणि डॉ. कमल रणदिवे

आईला स्तनाचा कर्करोग झाला, मावशीही त्याच आजाराने गेली, मग मलाही तो होणार का? कर्करोग रुग्णालयात तपासणीसाठी आलेल्या स्त्रिया हा प्रश्न हमखास विचारतात. आज डॉक्टर त्याचे उत्तर आकड्यांत देऊ शकतात. हे आकडे हाती नव्हते त्या काळात मुंबईच्या प्रयोगशाळेत बसून या प्रश्नाशी झुंजणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये डॉ. कमल जयसिंग रणदिवे यांचे नाव अग्रभागी येते. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याशी त्यांचा संबंध आला तो पुढे, आणि वेगळ्याच कामामुळे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनेश दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलामुलींत भेद न करता सर्वांना उत्तम शिक्षण देण्याचा त्यांचा कटाक्ष होता. हुजूरपागेत शालेय शिक्षण झाल्यावर मुलीने वैद्यकाकडे वळावे आणि डॉक्टराशीच विवाह करावा, अशी त्यांची इच्छा होती. मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन त्या फर्ग्युसनमधून पदवीधर झाल्या आणि १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी व गुणसूत्रांचा. सीताफळापासून कर्करोगापर्यंतची ही उडी वरवर विचित्र वाटते. पण पेशीचे विभाजन, गुणसूत्रांची मांडणी आणि एका पिढीतून दुसऱ्या पिढीत काय उतरते याचा विचार करण्याची सवय त्यांना इथेच लागली असणार.

१३ मे १९३९ रोजी गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. पदव्युत्तर अभ्यासात पतीने त्यांना सक्रिय साथ दिली, हे त्या काळाच्या मानाने नोंदविण्याजोगे आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात काम करीत असतानाच विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. खानोलकरांच्याच आग्रहावरून त्या शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या अर्बुदातील, पुढे ‘हेला’ नावाने जगभर पसरलेल्या पेशी १९५१ साली ज्यांनी वाढविल्या, तेच हे गाय. शरीराबाहेर काचपात्रात जिवंत पेशी वाढविण्याचे तंत्र कमलताई तिथे शिकल्या आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पेशींना लागणारी पोषक द्रावणे त्यांनी जीवशास्त्र व रसायनशास्त्राचे तरुण सहकारी जमवून केंद्रातच तयार करविली. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालकपदाची धुराही त्यांनी सांभाळली.

स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध प्रथम जोडणाऱ्यांपैकी एक, असा त्यांचा उल्लेख नेहमी केला जातो. तो नीट समजून घेतला पाहिजे. काही घराण्यांत हा रोग पुनःपुन्हा दिसतो, ही शंका जुनीच होती. फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या पत्नीच्याच घराण्यातील चार पिढ्यांची नोंद प्रसिद्ध केली होती. अडचण होती ती मोजण्याची. एकाच घरातील स्त्रिया एकच अन्न खातात, एकाच हवेत राहतात, बहुधा त्यांची लग्ने व बाळंतपणेही सारख्याच वयात होतात. मग रोग रक्तातून आला की राहणीतून, हे सांगायचे कसे? शिवाय स्तनाचा कर्करोग मुळात दुर्मीळ नाही. मोठ्या कुटुंबात दोन बहिणींना तो निव्वळ योगायोगानेही होऊ शकतो.

उंदरांच्या बाबतीत हा गुंता सोडविता येतो. भाऊबहिणींचा संकर सलग वीस पिढ्या केला की जवळजवळ एकसारख्या आनुवंशिक घडणीचा वाण तयार होतो. काही वाणांत बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो, काहींत क्वचितच. अमेरिकेत १९३० च्या दशकात अशा दोन वाणांचा उलटसुलट संकर केला, तेव्हा मुलींचा धोका आईच्या वाणावर अवलंबून राहिला. गुणसूत्रे तर आईबापांकडून सारखीच मिळतात! जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये उलगडा केला. रोगप्रवण आईची पिल्ले निरोगी वाणाच्या मादीच्या अंगावर पाजली, तर रोगाचे प्रमाण खाली येई. दुधातून एक घटक उतरत होता. तो विषाणू असल्याचे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे आईकडून मुलीकडे आलेली प्रत्येक गोष्ट आनुवंशिक असतेच असे नाही.

कमलताईंचे काम या वाटेवरचे. उंदरांमध्ये त्यांनी रक्ताचा, अन्ननलिकेचा आणि विशेषतः स्तनाचा कर्करोग अभ्यासला. रोगाची आनुवंशिक प्रवृत्ती, शरीरातील संप्रेरके आणि अर्बुदकारक विषाणू यांचा परस्परसंबंध हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता. एकाच कारणावर बोट न ठेवता तिन्ही एकत्र तपासण्याचा हा आग्रह पुढच्या काळात शहाणपणाचा ठरला, कारण तेव्हा विषाणूचा मोह जबरदस्त होता. मुंबईच्या पारशी स्त्रियांमध्ये या रोगाचे प्रमाण इतर समाजांहून अधिक होते. १९७१ साली अमेरिकी व मुंबईच्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने पारशी स्त्रियांच्या आणि घराण्यात रोग असलेल्या अमेरिकी स्त्रियांच्या दुधात विषाणूसारखे कण अधिक आढळल्याचे प्रसिद्ध केले. जगभर खळबळ उडाली. पण मानवातील रोगाचे कारण म्हणून हा विषाणू सिद्ध झाला नाही.

कुष्ठरोगाच्या जिवाणूंवरील त्यांचे मूलभूत कामही मोठे आहे. त्यातूनच पुढे लस विकसित झाली. कर्करोग व कुष्ठरोगावर त्यांनी दोनशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना १९६४ साली लाभला आणि १९८२ मध्ये पद्मभूषणने त्यांचा गौरव झाला.

१९७३ साली अकरा सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. परदेशी शिकायला गेलेल्या शास्त्रज्ञांनी देशात परतावे आणि आपली विद्या लोकांपर्यंत न्यावी, असे त्यांचे मत होते. त्या स्वतः सह्याद्रीच्या कुशीतल्या अकोले तालुक्यात गेल्या. महादेव कोळी, ठाकर अशा आदिवासींची वस्ती, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा, दवाखाने दूर. सत्यनिकेतन या स्वयंसेवी संस्थेच्या साह्याने त्यांनी तेथील आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. महिला वैज्ञानिक संघटनेच्या माध्यमातून, शासकीय योजनांतर्गत, गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविकेचे प्रशिक्षण दिले. जिथे कोणाच्या आजाराची नोंदच होत नाही, तिथे घराण्याचा इतिहास विचारून काय हाती लागणार, हे आकड्यांत रमणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

एप्रिल २००१ मध्ये कमलताईंचे निधन झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात घराण्याच्या इतिहासाचे वजन सांगणारा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५२ अभ्यासांतील स्तनाचा कर्करोग झालेल्या ५८,२०९ आणि न झालेल्या १,०१,९८६ स्त्रियांची माहिती त्यात एकत्र केली होती. आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीला रोग असल्यास धोका १.८० पट, दोघींना असल्यास २.९३ पट, तिघी वा अधिक जणींना असल्यास ३.९० पट ठरला. मात्र रोग झालेल्या दर नऊ स्त्रियांपैकी आठ जणींच्या आई, बहीण वा मुलीला तो झालेलाच नव्हता. नात्यातील स्त्रीला रोग लहान वयात झाला असेल, तर धोका अधिक दिसला.

जनुकाचा शोध त्याआधीच लागला होता. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये सतराव्या गुणसूत्रावर जागा दाखविली आणि १९९४ मध्ये ‘बीआरसीए-१’, पाठोपाठ १९९५ मध्ये ‘बीआरसीए-२’ हे जनुक हाती आले. त्यांत दोष असलेल्या स्त्रियांना वयाच्या ऐंशीपर्यंत हा रोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असल्याचे २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. अशा स्त्रिया एकूण रुग्णांत थोड्या असतात. पण त्यांना वेळेवर ओळखले तर नियमित तपासणी आणि प्रतिबंधक शस्त्रक्रिया यांचा मार्ग खुला होतो.

हा दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो. आपल्याकडे मात्र आत्या किंवा वडिलांची आई कशाने गेली, हे पुष्कळदा मुलीला ठाऊक नसते. माहेरचा आजार सासरी सांगू नये, अशी सक्त ताकीद देऊन तिला पाठविले जाते ते वेगळेच. म्हणून डॉक्टरांनी दोन्ही बाजूंच्या किमान तीन पिढ्या विचाराव्यात, कोणाला कोणत्या वयात रोग झाला ते लिहून घ्यावे, आणि बीजकोशाच्या कर्करोगाची व पुरुष नातेवाइकांतील स्तनाच्या कर्करोगाचीही चौकशी करावी, असे सांगितले जाते.